चिलखती प्लेट कुठे गेली?

"काका, प्लेट तुम्हीच तर नाही ना चोरली?"

'दम असेल तर विचार,' मैत्रिणींनी डिवचलं होतं. अपेक्षानं विचारलं! घरी चहाला आलेल्या धनंजय सरांचा कप बशीवर आदळला.

सर चिलखती पोलादाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. अपेक्षाचे बाबा, कौस्तुभ, त्यांच्या हाताखाली. सरकारनं संरक्षण-संशोधनाचा पैसा छाटलेला. पैसा ठरवणाऱ्या समितीला दाखवायची एकुलती एक नमुना-प्लेट, आणि नेमकी तीच गायब. आळ आला तेजरामवर, अपेक्षाच्या मैत्रिणीच्या, मोनाच्या बाबांवर. उद्याच्या चौकशीनंतर त्यांना पोलिसांकडे देणार होते.

"कौस्तुभ, मुलीला आवर!"

"थांबा न, बाबा. काका, तेजरामकाकाले चोरताना पाह्यलं कोणी?"

"मी. विश्वकर्मा पूजेच्या दुपारी, शेडच्या खिडकीतून. गॅस कटरनं तुकडे करत होता. भंगारात विकायला."

"पूजेले तुम्ही होते?"

"असल्या गोष्टींना मला वेळ नसतो."

"आणि प्लेटवर गोळ्या झाडायची टेस्ट?"

"आदल्या दिवशी. उत्तम झाली."

बाबा पुटपुटले, "आमाले तं बाहेर काढलं होतं, सर."

"गोपनीय होती!"

अपेक्षा सरांसमोर उभी राहिली. आवाज खणखणीत.

"पूजेच्या दिवशी शेडमधल्या औजाराले कोणी हात लावत नाही, काका. त्या दिवशी तो देव असते. गॅस कटरले सकाळी मी न मोनानं झेंडूची माळ घातली. संध्याकाळी प्रसादाची बुंदी घ्यायले गेलो, तं माळ तशीच टवटवीत! कटर पेटला असता तं फुलं वाचली असती? शेड दुपारी रिकामं असते म्हणून खोट्यासाठी तुम्ही तो दिवस निवडला, अन् तिथंच फसले. पण खोटं कावून बोलले? चांगली प्लेट कोण लपवते? टेस्टमध्ये ती फुटली, अन् पाहाले दुसरं कोणी नव्हतं. गुपचूप नेली तुम्हीच."

सर उभे राहिले. चेहरा लालबुंद.

"हो, फुटली! दुसरीला पैसा कुठून आणू? वर बसलेल्यांनी कात्री चालवली. फुटकी दाखवली तर प्रयोगशाळेला कुलूप लागलं असतं. चोरी म्हटलं की मुदत मिळते!"

"अन् तेजरामकाका?"

"एक कंत्राटी मजूर! कौस्तुभ, हे बाहेर गेलं तर तुझी नोकरी गेली समज."

दार धाडकन आपटून सर निघून गेले.

आई कुजबुजली, "गप बस आता. क्वार्टर जाईल आपलं."

"आई, बाबा, ऐका. उद्या मी मोनासंग चौकशीले जाऊन राहिली. सगळं सांगणार. तुम्ही आले तं बरं. नाही आले, तरी मी जाणारच."