हिरव्या स्वेटरचं पाणी

मी भित्री बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. वीस वर्षं लाँड्री चालवतेय. लोकांच्या कपड्यांवर काय काय असतं ते एकदा पाहिलं की भीती आणि किळस दोन्ही आपोआप संपतात. तेव्हा हे मी घाबरून सांगत नाही. चिडून सांगतेय. दिवा जरा मोठा करा आणि ऐका.

आमची भिंगरी तेव्हा सहा वर्षांची. खरं नाव वेगळं आहे, पण एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. वर्षभर बंद खोक्यात काम, म्हणून सुटीत त्याला उघड्यावर झोपायची हौस. त्याने कुठूनशी जाहिरात शोधली : शेळ्यांच्या फार्मवर तंबू ठोकून राहा, धारा काढा, करडांना बाटलीने दूध पाजा. सोबत लहान मूल असेल तरच बुकिंग, आणि तेही चार रात्रींचंच. एक कमी नाही, एक जास्त नाही. असं का, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण थंडीचे दिवस होते, दुकानात ब्लँकेटांचे ढीग लागले होते, आणि मला चार दिवस कुणाचंही मळकं कापड बघायचं नव्हतं.

फार्म टेकडीच्या उतारावर होता. पत्र्याचा लांब गोठा, त्यात चाळीसेक शेळ्या, दारापाशी नळ आणि फरशी, मागे कुरण. कुरणात आमचा तंबू. मालकीण साठीची, हडकुळी, एकटीच राहणारी, पण कामाला वाघ. तिला आम्ही पहिल्याच तासात मावशी म्हणायला लागलो. नवऱ्याने धार काढायला बसून स्वतःच्याच बुटात दूध काढलं आणि मावशी हसली. मला बाई आवडली होती, ते कबूल करते.

त्याच दुपारी भिंगरी गोठ्यातून ओरडत आली. "आई, त्या करडाला दोन कातडी आहेत!"

जाऊन पाहिलं तर खरंच. एका पांढऱ्या करडाच्या पाठीवर दुसऱ्याच करडाचं तपकिरी कातडं बांधलेलं. पायांसाठी भोकं, पोटाखाली सुतळीच्या गाठी. आणि एक तपकिरी शेळी ते कातडं चाटत उभी.

"हिचं पिल्लू परवा गेलं," मावशी म्हणाली. "या पांढऱ्याची आई विताना गेली. शेळी दुसऱ्याचं पोर जवळ करत नाही, शिंगाने उडवते. मग मेलेल्याचं कातडं जित्याला घालायचं. आई नाकाने ओळखते, ताई. डोळ्यांनी नाही."

"किती दिवस ठेवायचं?"

"चार रात्री. मग काढलं तरी चालतं. तोवर ते तिचंच झालेलं असतं."

"आणि आधीच सुटलं तर?"

"मारते," मावशी म्हणाली आणि चाऱ्याची पाटी उचलून पुढे गेली.

संध्याकाळी गारठा पडला तेव्हा मावशी एक हिरवा स्वेटर घेऊन आली. हाताने विणलेला, पुढे तीन बटणं, भिंगरीच्या मापाचा. "इथली थंडी वाईट असते. चार दिवस अंगातून काढू नका हिच्या." स्वेटर हातात घेतला आणि माझं नाक जागं झालं, धंद्याची खोड. लोकर निदान पंचवीस वर्षांची असेल, पण तिला एकदाही पाणी लागलं नव्हतं. दूध, लहान मुलाचा घाम, केसांचं तेल, सगळं जसंच्या तसं आत. तरी मी तो भिंगरीला चढवला. फुकटच्या स्वेटरचा वास काढू नये, असं आपलं वाटलं.

त्या रात्री तंबूभोवती काहीतरी फिरलं. पावलं सावकाश, मध्येच थांबणारी. मग भिंगरीच्या डोक्याकडचं कापड बाहेरून हळूच आत दबलं आणि लांब श्वास ऐकू आला, आत ओढलेला. नवरा झोपेत पुटपुटला, "शेळी सुटली असेल." मलाही तसंच वाटलं. सकाळी भिंगरीचे केस ओले होते, टाळूवर एकाच दिशेने चापून बसवल्यासारखे. आम्ही हसलो, शेळीने चाटलं म्हणून. तंबूची चेन आतून बंद होती, हे माझ्या दुपारी लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी भिंगरी भिंगरी राहिली नाही. कुरणाच्या टोकाला टेकडीकडे तोंड करून बसून राहिली. मी केस विंचरायला जवळ घेतलं तर अंग चोरून बाजूला झाली. "तुला धुण्याच्या पावडरचा वास येतो," म्हणाली. जन्मापासून माझ्या अंगाला तोच वास आहे आणि जन्मापासून ती त्यातच नाक खुपसून झोपत आलीय. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण मुलांचं काय, आज एक उद्या एक, असं म्हणून मी सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला ताप होता. बाहेर धुकं इतकं की तंबूतून गोठा दिसेना. नवरा औषध आणायला गाडी घेऊन गावात गेला. मला वाटलं, हा सगळा त्या कळकट स्वेटरचा प्रताप. भिंगरी झोपलेली असताना मी तो काढला, नळावर बादली भरली, आमची पावडर टाकली आणि चांगला अर्धा तास भिजवून धुतला. पाणी चहासारखं झालं. ते मी ओतलं नाही. मोजे त्याच पाण्यात धुऊन काढायची माझी सवय. स्वेटर पिळून तारेवर टाकला आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

मावशी दुधाचा कॅन घेऊन आली आणि तारेपाशी थबकली.

"धुतलात?"

"मग काय? किती मळला होता..."

तिने कॅन खाली ठेवला. ठेवला कसला, हातातून निसटला. ओल्या स्वेटरला नाक लावून तिने वास घेतला, एकदा, दोनदा, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "मुलीला आत आणा. गोठ्यात. आत्ता."

भिंगरीला कडेवर घेऊन मी गोठ्यात शिरले, मावशीने दार लावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तिची धाकटी जाऊ. जावेची पोर पाण्याच्या टाकीत बुडाली. महिन्याभरात जाऊ अशाच धुक्यात टेकडीवर चढली ती परत आली नाही. पुढच्या थंडीत अकरा शेळ्या एकामागून एक गाभडल्या, पोटातली पिल्लं गेली. ती जाऊच होती, गोठ्यात फिरायची, पोर शोधत. मग एक पाहुणं कुटुंब आलं, त्यांच्या लेकराला थंडी वाजत होती, मावशीने कपाटातला त्या बुडालेल्या पोरीचा स्वेटर दिला. ती थंडी शांत गेली.

"ती काही करत नाही, ताई. नुसता वास घेते..."

"आणि चार रात्रींनंतर?"

मावशी दाराची कडी पुन्हा चाचपायला लागली.

"चार रात्रींनंतर त्या पोरांचं काय होतं?"

"घरी जातात. धडधाकट असतात." ती हात पदराला पुसत राहिली. "एका बाईचं पत्र आलं होतं. पोर माझ्याजवळ येत नाही म्हणाली... मग मी पत्ता देणं बंद केलं."

आयुष्यात मी कुणावर हात उचलला नव्हता. त्या दिवशी उचलला. मावशीने चुकवला नाही. "चाळीस जीव आहेत माझे," एवढंच म्हणाली.

"आणि माझा एकच आहे!"

"ओरडू नका. ती आता स्वेटर शोधेल, आणि मुलीला त्याचा वास उरलेला नाही. परकं पोर समजेल." तिने त्या तपकिरी शेळीकडे पाहिलं. पुढचं तिने सांगायची गरज नव्हती.

तेवढ्यात रवंथ थांबलं. चाळीस तोंडांची ती सततची करकर एकदम बंद झाली आणि सगळ्या शेळ्यांनी माना एकाच बाजूला वळवल्या, टेकडीकडच्या भिंतीकडे. पत्र्यावर बाहेरून काहीतरी घासत चाललं. सावकाश. मध्येच थांबत. फटीतून वास आला, ओल्या लोकरीचा आणि कोमट दुधाचा. भिंगरीने माझ्या खांद्यावरून मान उचलली.

"आई..." ती म्हणाली. मला नाही. भिंतीला.

मी तिचं तोंड दाबलं. डोकं चालू होतं, आणि ते फक्त माझ्या धंद्याचंच चालतं. वास मरत नाही. वीस वर्षं हेच तर करतेय मी. कपड्यातून निघालेला वास कुठे जातो? पाण्यात उतरतो. आणि पाणी मी ओतलं नव्हतं.

"हिला धरा," मी मावशीला म्हटलं. "सोडलंत तर तुमचा गोठा मी स्वतः पेटवीन."

दार उघडून नळापर्यंत दहा पावलं होती. धुक्यात मला माझा हातही दिसत नव्हता. घासण्याचा आवाज कोपरा वळून माझ्या बाजूला आला होता. बादली सापडली. गार, फेसाळ, चहाच्या रंगाचं ते पाणी मी डोक्यावरून ओतून घेतलं, केसांत चोळलं, मानेला, हातांना. मग दारात येऊन गुडघ्यांवर बसले, सहा वर्षांच्या मुलीच्या उंचीला.

"ये," मी म्हटलं. "घे वास. हवा तेवढा घे. पण माझ्या मागे जी आहे तिच्याकडे बघायचं नाही. बघितलंस तर याद राख."

आवाज थांबला. माझ्यासमोर धुकं होतं आणि काही नव्हतं. डोळे मी मिटले नाहीत, मिटणारही नव्हते. टाळूवर श्वास आला, आत ओढलेला, लांब... पुन्हा एकदा... आणि मग काहीतरी ओलं, गरम, खरखरीत कपाळापासून मागे केसांवरून फिरलं. मी हलले नाही. ते चाटत राहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी एक जड कपाळ माझ्या कपाळाला टेकलं आणि धुक्यात कुणीतरी रडायला आलेलं आवरावं तसा आवाज झाला. मला तिची दया आली. खोटं कशाला बोलू? एक क्षण मलाही वाटलं, डोकं तिथेच ठेवावं, पुढे काही करूच नये.

मग मागून रवंथाची करकर सुरू झाली.

नवरा औषध घेऊन आला तेव्हा मी सामान बांधून गाडीची वाट बघत उभी होते. तंबू तिथेच टाकला. मावशी फाटकापर्यंत आली. "ताई, आज डोकं धुवू नका. तिला कळेल..." मी वाटेतल्या पहिल्या पेट्रोल पंपावर थांबायला लावलं आणि दोनदा डोकं धुतलं, ठरवून, तिच्या नाकावर टिच्चून. भिंगरीचा ताप रस्त्यातच उतरला. घर येईपर्यंत ती माझ्या मानेत नाक खुपसून घोरत होती.

म्हणजे मी जिंकले. तुम्हीही असंच म्हणाल.

माझी आई भावाकडे असते. चार वर्षांपूर्वी तिची नजर पूर्ण गेली. मी गेले की ती माझं डोकं जवळ ओढते, केसांचा वास घेते आणि म्हणते, आली माझी धोबीण. त्या सहलीनंतरच्या रविवारी मी गेले. तिने हात पुढे केले, डोकं ओढलं, वास घेतला. तिचे हात थांबले. मग तिने मला ढकललं, जोरात, ऐंशी वर्षांच्या बाईत एवढं बळ असतं हे मला माहीत नव्हतं.

"ही कोण रे?" तिने भावाला विचारलं.

"आई, मी आहे... मी."

"आवाज तिच्यासारखाच काढते," आई भावाला म्हणाली.

भाऊ म्हणाला वय झालं, विसरते. पण ती भावाला विसरली नाही, भिंगरीला विसरली नाही. भिंगरीला मांडीवर घेते, तिचं डोकं हुंगते, लाड करते. मी नुसती समोर.

मी जाणं सोडलेलं नाही. का सोडावं? माझी आई आहे ती. दर रविवारी जाते, तिच्या पायाशी बसते, ती पाय आवरून घेते, मी तरी बसते. तासभर तिला सगळ्या आठवड्याच्या गोष्टी सांगते. ऐकत नाही, पण सांगते. एका आईकडून माझी पोर सोडवून आणली, तर माझी आईही मी सोडवीन.

गेल्या रविवारी तिने हात पुढे केला. मी डोकं पुढे केलं. हात माझ्या कपाळापाशी आला, माझ्या केसांवरून तसाच पुढे गेला आणि माझ्या पाठीमागे हवेत थांबला, कुणाचा तरी हात हातात घ्यावा तसा. आईच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू होतं.

"अहो, तुम्ही उभ्या का?" ती म्हणाली. "पोरीला घेऊन इतक्या लांबून दर वेळी येता. बसा ना."

मी मागे वळून पाहिलं नाही. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे.