पंचवीस शब्द

हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेलं आहे.

मामा खोटं बोलत नाही, असं मी छातीठोकपणे सांगणार होते. पण या गोष्टीत तो खोटं बोलला आहे, तेही एकदा नाही. ते त्यानेच मला सांगितलं, म्हणून बाकीचं मी खरं धरते. तुम्ही काय धरायचं ते धरा.

रात्रबित्र नव्हती. शनिवार होता, दुपारचे सव्वादोन. बाहेर लख्ख ऊन.

मामा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याचा एक जिवलग मित्र लोकांचे कान तपासायचा. गल्लीत सगळे त्यांना कानवाले काका म्हणत. दोन खोल्यांचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत टेबल आणि कॉम्प्युटर. आत एका माणसापुरती, जाड भिंतींची, काचेची छोटी खिडकी असलेली बंद खोली. पेशंटने तिथे हेडफोन लावून बसायचं. कानात एकेक शब्द येतो, तो मोठ्याने म्हणायचा. बाहेरचा माणूस शब्द आणि उत्तर दोन्ही छोट्या स्पीकरवर ऐकतो आणि बरोबर-चूकच्या खुणा करतो.

ते शब्द काकांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केले होते. पंचवीस शब्द. दार, माती, काच, पाणी, वाट...

"विकतच्या यादीतला माणूस बातम्या वाचल्यासारखा बोलतो," काका म्हणायचे. "घरात कोण असं बोलतं?"

काका मागच्या वर्षी गेले. सकाळी चालायला म्हणून गेले, ते गेलेच.

काकूंना तपासणी येत होती. त्यांनी दवाखाना चालू ठेवला. दिवसातून चार-पाच वेळा काका पंचवीस शब्द बोलायचे आणि काकू बाहेर बसून ऐकायच्या. रडणं नाही, काही नाही. स्पीकरकडे थोडा कान करून बसायच्या, एवढंच.

मग कानाची मशीनं बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. नवी मशीनं जुन्या सिस्टिमवर चालणार नाहीत. सिस्टिम बदला.

"भाऊजी, यांचा आवाज जाणार नाही ना?" काकूंनी विचारलं.

"वहिनी, काळजीच सोडा. त्याने सगळे प्रोग्रॅम डी ड्राइव्हवर ठेवलेत. मी फक्त सी पुसणार. डीला हातही लावत नाही."

काकांची ती सवयच होती. सिस्टिम सीवर, प्रोग्रॅम डीवर. सी म्हणजे घर, डी म्हणजे दुकान. घर जळालं तरी दुकान वाचेल, असं त्यांचं गणित. मामा त्यांना नेहमी चिडवायचा, "अरे, दुकानाच्या किल्ल्या घरातच असतात!" म्हणजे सी गेला की डीवरचे प्रोग्रॅम नुसतेच पडून राहतात, पुन्हा बसवावे लागतात. हे मामाला पाठ होतं.

तरीही तो चुकला.

जुन्यावर नवी सिस्टिम चढेना. अर्ध्यावर अडकायची, परत फिरायची. तिसऱ्यांदा अडकल्यावर मामा वैतागला. काकूंची कागदपत्रं बाजूला काढली, सी साफ पुसला आणि नवी सिस्टिम टाकली. प्रोग्रॅम डीवर जिथल्या तिथे पुन्हा बसवला. उघडला... पडदा तोच, बटणं तीच. मामाने यादी सुरू केली.

काहीच नाही.

प्रोग्रॅम दुकानात होता. पण रेकॉर्ड केलेले शब्द तो गुपचूप घरात ठेवत होता. सीवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये. मामाने तिथे पाहिलंच नव्हतं.

दोन दिवस त्याने पुसलेलं परत काढायची खटपट केली. पंचवीस फाइली परत आल्यासुद्धा. दार, माती, काच... नावं सगळी होती. आत शून्य.

"पण तुमच्याकडे कॉपी आहे ना?" काकू म्हणाल्या. "हे नेहमी सांगायचे, भाऊजींकडे एक ठेवलीय."

तीन वर्षांपूर्वी काकांनी खरंच सांगितलं होतं, शब्दांची एक कॉपी तुझ्याकडे ठेव. त्यानंतर भेटले की विचारायचे, "ठेवलीस ना?" आणि मामा म्हणायचा, "ठेवली रे बाबा! किती वेळा विचारशील?"

ठेवली नव्हती. आज करू, उद्या करू... राहूनच गेलं.

"माझी डिस्क मागच्याच महिन्यात गेली, वहिनी," मामा म्हणाला. "आणि इथलीही खराबच होत आली होती. आज ना उद्या..."

काकू म्हणाल्या, चहा टाकू का. मामा म्हणतो, त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो चहा त्याला अजून गिळवत नाही.

आता तो शनिवार.

मामा विकतची यादी बसवायला गेला होता. आत एक म्हातारे शिंपी बसले होते. दवाखान्यात पहिल्यांदाच आलेले. काकूंनी सवयीने जुनीच यादी दाबली. ती रिकामी.

पडद्यावरची आवाजाची पट्टी हलली नाही.

काकूंच्या लक्षात आलं. त्या बंद करणार, एवढ्यात...

स्पीकरवर शिंप्याचा आवाज आला. "दार."

थोडी शांतता.

"माती."

"काच."

"पाणी."

काकूंचा हात तसाच राहिला. मामा उठून उभा राहिला. पट्टी सपाट होती. आणि आतला माणूस एकेक शब्द म्हणत होता. त्याच क्रमाने... पंचवीसच्या पंचवीस.

शिंपी बाहेर आले. खूश होते.

"अगदी स्पष्ट ऐकू आलं हो. कोण बोलतात ते? आवाज मायेचा आहे. फक्त सर्दी झालेली दिसते."

काकूंनी मामाकडे पाहिलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी काकांना सर्दी झाली होती. पुन्हा करू म्हणत होते, ते कधी केलंच नाही.

शिंपी गेल्यावर काकू धावत आत गेल्या. हेडफोन लावला. मामाने यादी सुरू केली. काचेतून त्याला दिसत होतं. त्या डोळे मिटून, दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून बसल्या होत्या. स्पीकरवर नुसता त्यांचा श्वास.

एकदा. दोनदा. तीनदा.

बाहेर आल्या. "काही नाही, भाऊजी."

संध्याकाळपर्यंत आणखी तिघे आले. काकूंनी तिघांनाही तीच यादी लावली. एक शिक्षिका, एक ड्रायव्हर, एक सात-आठ वर्षांची मुलगी. तिघांनाही ऐकू आलं. मुलीने तर विचारलं, "काका दमलेत का?"

मुलगी आईबरोबर गेली. मग काकू म्हणाल्या, "आता तुम्ही बसा."

मामाला नाही म्हणता येईना.

दार लागलं. त्या खोलीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. स्वतःचं गिळणं तेवढं ऐकू येतं. मामाने हेडफोन लावला.

काहीच नव्हतं. त्याला हायसं वाटलं...

"दार."

नाक चोंदलेलं. अगदी जवळ.

"माती."

मामाने ओठ घट्ट मिटले. त्याने शब्द म्हटला असता तर बाहेर स्पीकरवर काकूंना कळलं असतं. तो मोजत राहिला. तेवीस. चोवीस. पंचवीस.

संपलं. मामाने हेडफोन काढायला हात वर नेला.

आणि सव्विसावा आवाज आला.

"ठेवलीस ना?"

मामा बाहेर आला तेव्हा काकू दाराशीच उभ्या होत्या. "ऐकू आलं?"

"नाही, वहिनी. मलाही काहीच नाही."

काकूंनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, "बरं झालं. मला वाटलं, माझ्यावर एकटीवरच रागावलेत."

याला आता आठ महिने झाले. विकतची यादी अजून बसलेली नाही. काकूंचा दर महिन्याला फोन येतो. "भाऊजी, सगळ्यांना ऐकू येतं. मलाही येईल असं काहीतरी सेटिंग करून बघा ना." मामा जातो. फोल्डर उघडतो. पंचवीस फाइली, सगळ्या रिकाम्या. थोडा वेळ उगाच खटखट करतो आणि परत येतो.

मी त्याला किती वेळा सांगितलं, एकदा खरं सांगून टाक. तो मान हलवतो.

परवा आमच्याकडे जेवायला आला होता. भर दुपारी. टीव्ही बंद, घरात आम्ही दोघंच. जेवता जेवता तो थांबला... मान किंचित वळवली, कुणी मागून हाक मारल्यासारखी.

मग हळूच म्हणाला, "ठेवली रे बाबा."

आणि खाली मान घालून जेवायला लागला.