मिल्विआला गेलेली पोच

राजमा भरलेल्या गरम बालेआदा-पोळ्या आणि कॉफी घेऊन मी नगरपालिकेच्या मागच्या खोलीत गेले, तेव्हा एलिसेओ संगणकावर वाकून बसला होता. वादळाला वर्ष झालं होतं. पुरात अडकलेल्यांनी मदतीच्या नंबरवर पाठवलेले संदेश संगणकाच्या जुन्या नोंदवहीत, लॉगमध्ये, तसेच पडून होते. बेपत्ता माणसं कुठं शोधायची, ते त्यातूनच कळणार होतं. आणि सोमवारी पुरानं मागं ठेवलेल्या सुकलेल्या गाळावर काँक्रीट पडणार होतं.

एलिसेओची बहीण मिल्विआ त्याच गाळात होती. पाणी चढलं तेव्हा फोनवर संदेश लिहीत पळताना ती शेजारणीला दिसली होती. पण संदेश नव्या जागी उतरवायला लॉग पुन्हा चालवला की दर खेपेला काही संदेश गळायचे, आणि दर खेपेला वेगळे.

मी त्याला आधी खाऊन घे म्हटलं. तो मान वर न करताच म्हणाला,

“निडिया, ती परत परत हातातून निसटतेय गं…”

दोष शेवटी मला सापडला. संदेश उचलताच त्यावर ‘झाला’ अशी खूण पडत होती. तो नव्या जागी साठायच्या आत वीज डळमळली की गेलाच. मी क्रम फिरवला. आधी साठवायचा, मगच खूण. मूळ लॉगमध्ये नवं काही लिहिता येऊ नये म्हणून त्याला कुलूप घातलं, काम फक्त प्रतीवर. साठलेल्या प्रत्येक संदेशाला ‘मिळाला’ अशी पोच पाठवायची त्या व्यवस्थेला सवय होती. मेलेल्यांच्या नंबरांवर पोच कशाला, म्हणून मी नेटची वायरच उपटली.

या खेपेला एकही गळला नाही. सावकाश, एकेक करत संदेश येत गेले, आणि मिल्विआचा आला.

‘शाळेच्या टाकीवर आहोत. पोरं सोबत आहेत. लवकर या.’

एलिसेओनं पडद्यावर तळवा टेकला. खोलीत ओल्या गाळाचा वास दाटत होता.

मग कुलूपबंद लॉगमध्ये, तिच्या संदेशाखाली, आजच्या तारखेची ओळ उमटली.

‘पोच आली. मिळालं ना? मग आम्ही उतरतो.’

उपटलेली वायर माझ्या मांडीवरच होती. मी ती घट्ट धरली. खाली दुसऱ्या नंबरावरून आलं, ‘आम्हीपण.’ मग तिसऱ्या. मग ओळी थांबेचनात.

“एलिसेओ… बंद कर.”

“एक वर्ष बसलीय ती तिथं,” तो हळू म्हणाला, आणि दाराकडे गेला.

बाहेर रखरखीत ऊन होतं. त्यानं कडी काढली, तेव्हा उंबऱ्याखालून गढूळ पाणी आत येत होतं.