खाली ठेवलेला हात

मला एक सांगा, पोरांनो. गिऱ्हाइकांत भरवशाचं कोण? आल्या आल्या भाव विचारणारं, की वस्तू हातात घेऊन गप्प उभं राहणारं?

"भाव विचारणारं," जोरिस म्हणणारच. माझा भाचा असून धंद्यात कच्चा. अरे, भाव विचारणारा पुढच्या पथारीवरही तेच विचारतो. गप्प उभा असतो त्याच्यावर डोळा ठेवायचा. कारण जुन्या बाजाराचा एकच कायदा आहे, आणि लील शहराच्या या जत्रेत तर चोरसुद्धा तो पाळतात. वस्तू एकाच्या हातात आहे तोवर दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. त्याने खाली ठेवली, की उचलेल त्याची. मग रडून उपयोग नाही.

"माहीत आहे हो मामा," जोरिसची बहीण मागाली म्हणते. "पाळण्यात असल्यापासून ऐकतोय."

तिबोलाही माहीत होतं.

तिबो आमियाँ गावचा. चित्रांच्या जुन्या चौकटी दुरुस्त करायचा, सोन्याचा वर्ख लावायचा. माझं पक्कं गिऱ्हाईक. घासाघीस करायचा, पण पैसे टेकवताना कधी कुरकुरला नाही. त्याची बायको कोरीन त्याला सोडून गेली होती. मुलगी आईकडे. कोर्टानं बापाला महिन्यातले दोन दिवस दिले होते, तेही पुष्कळ नाक घासल्यावर. आणि बजावलं होतं, एकदा जरी काही कमीजास्त झालं, तर हे दोन दिवसही गेले. तेव्हा त्याला जगात दोनच दिवस होते म्हणा ना.

ही गोष्ट तीन सप्टेंबर दोन हजार अकराच्या रात्रीची. शनिवार. तेव्हा जत्रा रात्रभर चालायची, आत्तासारखे लवकर दिवे मालवत नसत. एका गिऱ्हाइकाला लंबगोल चौकट हवी होती, म्हणून तिबो आला. त्यानं म्हटलं, पोरीलाही आणू. सोलेन, सात वर्षांची. दुपारी दोघं चित्रं बघायला गेली. एका मोठ्या चित्रासमोर ती दबक्या आवाजात म्हणाली, "पापा, रात्री हे लोक खाली बसतात का गं पाय दुखले की?" असं बापाला 'गं' म्हणायची, लाडात आली की. मग दुकानं हिंडली. पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घेतले. शिंपल्या आणि तळलेले बटाटे खाल्ले. तिबो मला म्हणाला, "उर्बाँ, इतकी हसताना मी तिला वर्षभरात पाहिली नाही."

मी म्हटलं, "मग जा की झोपायला. सुख फार ताणू नये."

"अजून एकच रांग, काका," पोरगीच म्हणाली.

कालव्याच्या बाजूची शेवटची रांग. तिथे दिव्याच्या माळा संपतात. लोक बॅटऱ्या घेऊन हिंडत होते. रात्रीचा दीड वाजून गेला होता. अगदी टोकाला एक पथारी. विकणारा कोण, नीट दिसत नव्हतं. पण चौकट दिसली. लंबगोल, रिकामी, वर्ख जागच्या जागी. तिबोनं बॅटरी मारली आणि तो तिथेच खिळला. असली वस्तू आयुष्यात दोनदा भेटते.

शेजारी टोपीवाला एक व्यापारी उभा. तोही बघत होता. तिबोनं एका हातानं चौकट उचलली. जड. एका हातात मावेना. मागची बाजू तर बघायलाच हवी. खाली ठेवावी, तर टोपीवाला टपलेला...

दुसऱ्या हातात सोलेनचा हात होता.

"पिल्ला, माझा कोट धर हं. एक मिनिट."

आणि त्यानं तो हात सोडला.

दोन्ही हातांनी चौकट उलटी केली, नखानं लाकूड खरवडलं, भाव विचारला. टोपीवाला वैतागून निघून गेला. तिबो हसत वळला. कोटाला कुणी धरलेलं नव्हतं.

चार पावलांवर करड्या कोटातली एक बाई उभी होती. वय झालेली. नीटनेटकी. तिच्या हातात सोलेनचा डावा हात.

"मादाम, ही माझी मुलगी."

बाई शांतपणे म्हणाली, "तुम्ही खाली ठेवलीत ना."

"काय?"

"मी पाहत होते. तुम्ही ठेवलीत. मी घेतली."

तिबोनं पथारीवाल्याकडे पाहिलं. अंधारातून आवाज आला, "कायदा आहे, मस्यू."

तो धावला. सोलेनचा दुसरा हात धरून ओढलं. पोरीचं तोंड दुखल्यासारखं उघडलं. आवाज नाही आला. जरासुद्धा नाही. त्यानं घाबरून सोडून दिलं. बाई चालायला लागली. तिबो आरडाओरडा करत मागे. चौकट अजून हातातच. एक शिपाई आला.

"काय झालं?"

"माझी मुलगी! ही बाई माझी मुलगी नेतेय!"

शिपाई पोरीपुढे वाकला. "बाळ, हे कोण?"

सोलेननं तिबोकडे पाहिलं.

"माहीत नाही."

"आणि ह्या?"

"मी ह्यांच्या हातात आहे."

शिपाई म्हणाला, "मस्यू, तुम्हाला जरा जास्तच झालीय. आजीनातींना त्रास देऊ नका. झोपा जाऊन."

मग तो ओरडला नाही. मागे मागे चालत राहिला. कालव्याच्या कडेनं. माणसं संपली. दिवे संपले. तो रडत होता. म्हणत होता, "काय हवं ते मागा. माझं घर घ्या. मला घ्या."

बाई म्हणाली, "अजून ठरलं नाही. बघतेय."

पाण्यात उतरायच्या पायऱ्या आल्या. बाई पहिल्या पायरीवर उतरली... मग दुसऱ्या... सोलेनचे नवे मोजे भिजले.

आणि पोरांनो, तेव्हा त्या माणसाला धंदा आठवला. डोळे पुसले. चौकट पुढे धरली. आवाज फाटत होता, तरी म्हणाला, "मादाम... हे पाहिलंत का? जुनं काम आहे. वर्ख अस्सल. असं आता कुणी करत नाही... जवळून बघा. मागची बाजू बघा ना..."

बाई थांबली.

"नुसतं बघायला काय जातं, मादाम..."

तिनं एक हात पुढे केला. चौकट कलली. एका हातात मावेना.

तिबोनं आपले हात सैल केले.

दुसरा हात आला.

त्यानं पोरीला उचललं आणि पळाला. एकदाच मागे पाहिलं. बाईनं चौकट चेहऱ्यासमोर धरली होती, त्याच्याकडे तोंड करून. चौकटीतून चेहरा दिसायला हवा ना... चौकटीतून मागचं पाणी दिसत होतं.

रविवारी संध्याकाळी ठरल्या वेळी त्यानं सोलेनला आईच्या ताब्यात दिलं. तिला काही आठवत नव्हतं. पुढे महिन्याचे दोन दिवस चालू राहिले. त्यानं चौकटींचं काम मात्र सोडलं.

"मग बरं झालं की शेवटी," मागाली म्हणते.

हो. मीही इतकी वर्षं तेच म्हणत होतो.

आज दुपारी तू पिवळ्या सुरईवरून जिच्याशी हुज्जत घालत होतीस ना, हिरव्या कोटातली, उंच? तीच सोलेन. मोठी झालीय. मला ओळखून गोड हसली. उरलेले पैसे घ्यायला डावा हात पुढे केला, त्या बाईनं धरला होता तोच. मी नाणी ठेवली. ती घसरून खाली पडली. पुन्हा ठेवली. पुन्हा घसरली.

त्या तळहातावर एकही रेष नव्हती. शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा... गुळगुळीत.

झोपा आता. उद्या सकाळी मी नाहीये, पथारी तुम्हा दोघांची. काय उचललंत आणि त्यासाठी काय खाली ठेवलंत, त्याचा हिशोब सचोटीनं ठेवा, बाबांनो. एवढंच मागणं आहे.