डावीकडे बसलीय

माझ्या नजरेला वाकडं खपत नाही. कर्जतच्या बाजारात आमचं टाइल्सचं दुकान आहे, माझ्या वडिलांच्या वेळचं. फरशी सरळ बसली की नाही हे मी दारातूनच सांगते, आणि मिस्त्री लेव्हलची बाटली लावून बघतात तेव्हा गपचूप मान हलवतात. त्यामुळे कडावला आमच्या घरासमोर उभी असलेली गाडी डावीकडे कलली आहे, हे आधी मला दिसलं. योगेंद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दिसलं नाही, किंवा दिसूनही तो बोलला नाही.

गाडी म्हणजे डिझेलची फोर-बाय-फोर पिकअप. आत पाच माणसं बसतील एवढी जागा, मागे उघडा हौदा. मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या एका साहेबाची बदली झाली, त्यांच्याकडून योगेंद्रने ती जुनी घेतली. मुंबईच्या लोकांना तिच्यात घालून तो पेठ, खांडसकडच्या कच्च्या वाटांवर फिरवतो. त्यावर आपलं घर चालतं असं तो सगळ्यांना सांगतो. घर दुकानावर चालतं, पण ते असो. गाडी चांगली होती. फक्त पुढची डावी सीट झिजलेली होती, ड्रायव्हरच्या सीटपेक्षाही जास्त. साहेबांची बायको जाड असेल, असं मी म्हटलं आणि विसरून गेले.

एका दुपारी जेवायला घरी आले, तर योगेंद्र ओटीवर झोपाळ्यावर बसून फोनवर बोलत होता. हा झोपाळा नायलॉनच्या दोराचा आहे. योगेंद्र अंगाने भरलेला, उजव्या टोकाला एकटा बसला की दोर ताणतो आणि फळी त्याच्या बाजूला खाली जाते. डाव्या टोकाला मी बसले की सरळ होते. लग्न झाल्यापासून ती जागा माझी. त्या दिवशीही फळी त्याच्याकडे झुकलेली होती आणि त्याची माझ्याकडे पाठ होती.

"डावीकडंच बसलीय रं ती," तो म्हणत होता. "लय दिवस झालं. तिला आता लिफ्ट द्यायला पायजे."

पायातली चप्पल हातात यायचीच बाकी होती. मी पुढे होऊन विचारलं, कोण बसलीय?

"गाडी गं. झाकीरशी बोलतोय, खोपोलीच्या."

स्प्रिंगा दबल्या की गाडी बसते आणि ती उचलून घेतात त्याला लिफ्ट म्हणतात, हे काय मला माहीत नव्हतं? मी हसले, तोही हसला. पण आपल्याकडे गाडी पण ती आणि बाई पण ती, त्यामुळे जेवताना घास काही सरळ खाली उतरला नाही.

त्यानंतर मी बघायला लागले. मी उंच आहे. लग्नात त्याच्या मावश्यांनी त्यावरून तोंडसुख घेतलं होतं. गाडीत बसायची तेव्हा पुढची सीट पार मागे सरकवून बसायची. दुसऱ्या दिवशी दार उघडून बसायला जावं, तर गुडघे समोरच्या कप्प्यावर आपटायचे. सीट पुढे आलेली असायची, बुटक्या माणसाला बरी पडेल इतकी. मी मागे सारायची, ती पुन्हा पुढे यायची. बुटकी म्हटल्यावर माझ्यासमोर एकच नाव आलं. हर्षला. नेरळची, योगेंद्रची बुकिंगं घेणारी, माझ्या खांद्याला लागेल न लागेल एवढी, आणि बोलायला गोड. लपवून काय करू? मला माझा नवरा कुणाशी वाटून घ्यायचा नव्हता, आणि ती सीटही नाही.

एका सकाळी तो एकटाच निघाला होता. गाडी चालू केली आणि आत टिंगटिंग वाजायला लागलं, पट्टा लावला नाही की वाजतं तसं. त्याने स्वतःचा लावलेला होता. मग तो वाकला, डावीकडचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून आणून खटकन लावला. आवाज थांबला.

"सेन्सर बिघडलाय," खिडकीतून मला म्हणाला. "वाजत ऱ्हातंय नुसतं."

सेन्सर बिघडतात, मान्य. पण त्याने तो पट्टा फार हळू ओढला होता, कुठे अडकू नये, टोचू नये असा. माझा पट्टा त्याने आजवर एकदाही लावून दिला नव्हता. आणि गाडी वळताना मला वाटलं, पट्टा सीटवर सैल पडायला हवा तसा पडलेला नाही. काचेवर ऊन होतं. नीट दिसलं नाही.

हर्षला दुकानात आली तेव्हा मी आडपडदा ठेवला नाही. पुढे बसतेस का गं त्यांच्या शेजारी, असं सरळ विचारलं. ती लाजली नाही, घाबरली नाही, तेव्हाच मला कळलं की ही ती नव्हे.

"नाय वो वहिनी. एकदा बसाया गेले, तर दादा बोलले, तितं नको, मागं बस. मला वाटलं तुमची जागा हाय म्हणून बोलले असतील."

मी म्हटलं, हो, माझीच आहे.

खोपोलीला मी मुद्दाम त्याच्याबरोबर गेले, आणि मागे बसले. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पुढची सीट रिकामी होती, पट्टा लावलेला होता. पळसदरीच्या पुढे रस्ता खराब आहे. योगेंद्र उजवं चाक बिनधास्त खड्ड्यात घालत होता आणि डावं जपत होता. मागे मी धडाधड आपटत होते.

झाकीरचं गॅरेज जुन्या हायवेला आहे. माणूस बोलका, योगेंद्रचा शाळेतला दोस्त. त्याने गाडी वर घेतली, डावीकडची पुढची स्प्रिंग काढली, मागच्या स्प्रिंगचे पाटे काढले आणि उजवीकडचेही काढून शेजारी जमिनीवर मांडले. सगळं एकसारखं होतं. डावीकडचा एकही पाटा थकलेला नव्हता. मग त्याने उजवीकडचं डावीकडे टाकलं, डावीकडचं उजवीकडे, आणि गाडी खाली घेतली. ती डावीकडेच बसली. चॅसी वाकडी असेल म्हणाला, दोरी लावून बघितली, तीही सरळ होती. हौदा रिकामा, आत माणूस नाही. झाकीरने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि चहा मागवला.

चहा घेताना त्याने समजावून सांगितलं. कधीतरीच ओझं पडत असेल, तर स्प्रिंगखाली गुटका, म्हणजे रबरी ठोकळा, टाकून भागतं, नाहीतर हवेचा फुगा बसवायचा, ओझं असलं की भरायचा, नसलं की सोडायचा. पण रोजचंच ओझं असेल, तर त्या बाजूला जाड पाटे घालावे लागतात. मग गाडी त्या वजनाला धरूनच सरळ राहते.

"तर मला येवढं सांग," तो योगेंद्रला म्हणाला. "वजन कायमचं हाय, का येऊन-जाऊन?"

हा प्रश्न तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत असेल.

"कायमचं," योगेंद्र म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो गाडीकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखते. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते माझ्या वाट्याला आलं होतं.

भूतबित मी मानत नाही. तेव्हाही मनात भीती नव्हती, राग होता. डावीकडे जाड पाटे घालायचे म्हणजे त्या सीटवर बसणाऱ्या हिला पाट-चौरंग मांडून देण्यासारखं. मी कप खाली ठेवला आणि झाकीरला विचारलं, सगळ्यात उंच लिफ्ट कुठली आहे?

त्याने आतून खोकं आणलं. वळणावर गाडी डुलेल म्हणाला, दोन इंच पुरे होतील म्हणाला, बायकामाणसांना चढायला त्रास होतो म्हणाला. पायदान मोठं लावून देतो म्हणाला.

"पायदान आहे तेही काढून टाका," मी म्हटलं.

"चढता नाय यायचं गं," योगेंद्र हळूच म्हणाला.

"कुणाला?"

तो बोलला नाही.

"मला येतं," मी म्हटलं.

दुपार उलटेपर्यंत काम चाललं. गाडी पुन्हा वर घेण्याआधी सीटवरचा पट्टा मी माझ्या हाताने सोडवला होता. तो सुटताना झटकन मागे गेला नाही, सावकाश गेला. मग गाडी खाली आली आणि चारी चाकांवर उभी राहिली. मी पर्समधून लेव्हलची छोटी बाटली काढून बॉनेटवर ठेवली. बुडबुडा मधोमध.

"उठली, वहिनी," झाकीर खूश होऊन म्हणाला.

मी दांडा धरून डाव्या बाजूने वर चढले, सीट पार मागे सारली, माझा पट्टा मी लावला. मला इतका आनंद झाला होता की मी गाणं लावलं. योगेंद्रने ते बंद केलं. तो इतक्या हळू गाडी चालवत होता की मागचे टेंपो हॉर्न मारून पुढे जात होते. पळसदरी गेली, कर्जत गेलं, तरी त्याचं लक्ष आरशात. मी वळून बघितलं. रस्ता मोकळा होता.

घरी आल्यावर मी फाटक लावायला गेले.

"असू दे उघडं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही त्याने फाटक लावू दिलं नाही. गुरं आत शिरून माझी भाजी खातील म्हटलं, तर खाऊ दे म्हणाला. गाडीकडे तो वळून बघत नव्हता. अंगणात ती लेव्हलमध्ये उभी होती. मी येता-जाता तिच्याकडे बघायची आणि मनातल्या मनात म्हणायची, चढ आता.

मग एका संध्याकाळी मी दुकानातून आले, तर फाटक लावलेलं होतं. कडी आतून घातलेली. मला बरं वाटलं. सुटलं एकदाचं, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा.

योगेंद्र ओटीवर झोपाळ्यावर होता, उजव्या टोकाला, त्याच्या जागी. खूप दिवसांनी त्याचा चेहरा निवांत दिसत होता. मी आत जाऊन चहा केला, दोन कप घेऊन बाहेर आले, आणि माझ्या टोकाला बसायला म्हणून वळले.

डावं टोक रिकामं होतं.

फळी सरळ होती.

मी पुन्हा बघितलं. माझी नजर चुकत नाही. दोन्हीकडचे दोर सारखे ताणलेले, फळी अगदी लेव्हलमध्ये, संथ हलत होती. योगेंद्रने माझ्या हातातून कप घेतला. मग दुसराही घेतला, आणि तो शेजारी जपून ठेवला.

"उभी का ऱ्हायलीस?" तो म्हणाला. "जा, आतून खुर्ची घेऊन ये."