कोनाड्यातली संत

सायकलच्या चाकातली हवा गेली, म्हणून धम्मदीपा बुइटनव्हेल्डर्ट या डच उपनगरातल्या चर्चच्या सभागृहात पंप मागायला शिरली. आत एका इटालियन संगीतिकेची तालीम चालली होती. चर्चच्या कोनाड्यातली लाकडी संत एका रात्रीपुरती खाली उतरते आणि भित्र्या पाववाल्याचं लग्न जुळवते, अशी ती विनोदी गोष्ट. संत होणारी बाई आजारी पडली होती.

पाववाल्याचा ॲप्रन घातलेला तरुण इंग्रजीत म्हणाला, "दोन मिनिटं तिथे उभी राहशील?" मग तिच्या पिशवीवरची मराठी अक्षरं दिसली, तसा तो गडबडून मराठीवर आला. "म्हणजे... उभ्या राहाल?"

"मी बौद्ध आहे. देव, संत मानत नाही."

"उत्तमच! माझा नवस ऐकून विरघळणार नाही तुम्ही."

ती हसली, आणि कोनाड्यात चढली.

तो राघव, जवळच्या झुइडास या व्यापारी भागातल्या एका बँकेत आयटीत. ती शेजारच्या विद्यापीठात संशोधक. दोन मिनिटांची ती भूमिका तिच्याकडेच राहिली. त्या पावसाळी शरदात तो खाली गुडघे टेकून गायचा, ती वर निश्चल उभी.

"पापणी हलली तुझी," तो नंतर म्हणायचा.

"तू सूर सोडलास म्हणून."

तालमीनंतर दोघं सायकली हातात धरून चालत जात. चालवल्या, तर घर लवकर आलं असतं.

प्रयोगाला राघवचे आईवडील पुण्याहून आले होते. पडद्यामागे येऊन आईंनी धम्मदीपाच्या झग्याची चुणी नीट केली. "तूच ना दीपा? राघव सारखा तुझ्याबद्दलच बोलतो. आडनाव विचारलं, की मात्र विषय बदलतो."

त्या गेल्यावर तिने राघवला गाठलं. "दीपा कोण?"

"घरी... सोपं जावं म्हणून."

"कोणाला?"

तो ॲप्रनची गाठ सोडून पुन्हा बांधू लागला.

"माझ्या आजोबांनी विचार करून ठेवलेलं नाव आहे ते. ते अर्धं कापून मी तुझ्या घरात येणार नाही, राघव. पूर्ण नाव सांगायचं असेल, तर आज सांग. नाहीतर... आपण इथेच थांबू."

तिसरी घंटा झाली. तो गायला, एकदाही चुकला नाही. लोक मनमुराद हसले. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

प्रयोग संपल्यावर ओल्या कोटांच्या गर्दीत तो ॲप्रनसकट आईवडिलांसमोर उभा राहिला.

"आई, बाबा, हिचं नाव धम्मदीपा वाघमारे. मी घाबरलो, म्हणून अर्धंच सांगितलं. मला हिच्याशी लग्न करायचंय."

आई छत्रीच्या मुठीकडे पाहत राहिल्या. "घरी बोलू," वडील म्हणाले. दारापाशी पोचल्यावर आई वळल्या. "धम्म... धम्मदीपा," त्या अडखळत म्हणाल्या, "बाहेर गार आहे. अंगावर काहीतरी घे."

दार मिटलं.

"पुढे काय होईल, माहीत नाही," राघव म्हणाला.

"लग्नाचं आईंना सांगितलंस. मला कुठे विचारलंस?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मग... विचारू?"

"विचार," ती म्हणाली, आणि त्याच्या बाहीवरचं पीठ हलकेच झटकू लागली.