पुलाखालची डबी

तो फोन आधी खाली ठेव. हो, तुलाच म्हणतोय. उद्या तळ्याच्या पुलावर डबी शोधायला जाणार ना? जा खुशाल. पण आधी थ्येनफाचं ऐकून जा. लो थ्येनफा, माझ्या शेजारचा, स्कूटर दुरुस्तीवाला. महातापट माणूस. गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावल्याशिवाय स्कूटर परत द्यायचा नाही. हे सगळं त्यानंच मला सांगितलंय, आणि त्याला थापा मारता येत नाहीत. तेवढा धीरच नाही त्याच्यात.

गेल्या वर्षीच्या सातव्या चांद्र महिन्यातली चौदावी रात्र. या महिन्यात भूत म्हणायचं नसतं, भाऊमंडळी म्हणायचं, तेव्हा मीही तसंच म्हणतो. भाऊमंडळी मोकळी सुटलेली असतात, म्हणून शहाणा माणूस पाण्याकडं फिरकत नाही. थ्येनफा जेवून उठला, खिशात स्क्रू घातले, हातात लोखंडी आकडा घेतला आणि पुलावर निघाला. त्यानं लावलेली पाटी वाऱ्यानं खिळखिळी झाली होती, ती घट्ट करायची होती. एवढंच काम.

पाटीवर लिहिलं होतं, 'माझा मुलगा इथून पडून मेला. कठड्याबाहेर वाकू नका.'

मुलाचं नाव यूचेंग. एकोणीस वर्षांचा. त्याला या डबीच्या खेळाचा नाद. पुलावरून चालत जायचं, दिव्याच्या खांबावरचा आकडा घ्यायचा, दगडी सिंहाच्या पायांची बोटं मोजायची, सगळे आकडे जुळवले की फोन डबीची जागा दाखवतो. ही डबी पुलाखालच्या तुळईला लोहचुंबकानं चिकटवलेली. यूचेंग कठड्यावरून ओणवा झाला आणि गेला. देह सापडला. पण पुरोहितानं काठावर उभं राहून त्याच्या आत्म्याला घरी बोलावलं, देवापुढं कौल टाकला, तेव्हा कौल 'नाही' पडला. पुन्हा टाकला, पुन्हा नाही. पोर पाण्यातच राहिलं होतं.

आणि खेळाच्या साइटवर लोक लिहीत होते, 'झकास जागा, मजा आली, धन्यवाद.' चिता विझली नव्हती आणि यांना मजा आली.

थ्येनफानं साइटवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, डबीची जागा बदलायची किंवा खेळ बंद करायचा तर ते ज्यानं लपवली त्यानंच. लपवणाऱ्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तो उत्तर देत नव्हता. थ्येनफानं लोखंडी आकड्यानं डबी उपटून तळ्यात फेकली. आठवड्यात डबी परत जागेवर. पुन्हा फेकली. पुन्हा परत, आत शोधणाऱ्यांनी नाव लिहायचा कागद, कोरा, कोरडा ठणठणीत. तेव्हापासून थ्येनफाला एकच ध्यास. लपवणारा हाती लागला पाहिजे, त्याची तंगडी मोडली पाहिजे, आणि दुसऱ्या कुणाचं पोर तिथं वाकता कामा नये.

तर त्या रात्री तो पुलावर पोचला, आणि पाहतो तर पाटीपुढं एक मुलगी आणि एक चष्मेवाला मुलगा. मुलगी बोट लावून पाटीवरची अक्षरं मोजतेय.

"काय चाललंय?"

"काका, जरा थांबा ना, मोजदाद चुकेल," मुलगी म्हणाली. "हा शेवटचा आकडा आहे."

थ्येनफाला आधी कळेचना. मग कळलं. त्याच्या पोराच्या मरणाची पाटी, ती यांना कोड्यातला आकडा वाटली होती.

"वाचता येतं का तुला? की नुसतं मोजताच येतं?"

"वाचलं की. वातावरणनिर्मितीसाठी लिहिलंय, नाही का?"

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वातावरण? माझं पोर आहे ते. माझं. निघा इथून, नाहीतर तुमचे फोन तळ्यात जातील आणि मागोमाग तुम्ही."

मुलांची तोंडं उतरली. माफी मागत, मागं बघत ती पलीकडच्या टोकाला गेली.

थ्येनफानं पाटी घट्ट केली. मग लोखंडी आकडा खाली घालून डबी उपटली आणि तळ्यात भिरकावली. म्हणाला, आज इथंच बसतो. ये म्हणावं लपवणाऱ्याला. दिव्याच्या खांबामागं अंधारात तो उकिडवा बसला.

बराच वेळ गेला. वारा पडला. बेडूक गप्प झाले.

खालून आवाज आला... ओलं फडकं पिळावं तसा.

तो कठड्याच्या गजांतून डोकावला. तुळईवर एक हात होता. नुसता हात, कोपरापर्यंत. पाणी निथळत होतं. हातात डबी. ती चुंबकानं तुळईला टक्कन चिकटली.

"सापडलास," थ्येनफा पुटपुटला आणि आकडा उचलला.

मग त्याला अंगठा दिसला. नख काळं. यूचेंगनं दुकानात स्कूटरच्या स्टँडखाली अंगठा चेचून घेतला होता. मरायच्या आधी आठच दिवस. बापानं त्यावरूनही शिव्या घातल्या होत्या.

आकडा हातातून निसटला.

पाण्यात गेलेला पाण्यातच अडकतो. त्याच्या जागी दुसरा कुणी आला, तरच तो सुटतो. हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. थ्येनफालाही होतं. फक्त त्यानं ते डबीशी कधी जोडून पाहिलं नव्हतं. यूचेंगच्या आधी पाण्यातलंच कुणीतरी डबी लावत होतं, त्याला ओढून सुटलं. आता...

"यूचेंग?"

हात थांबला.

पलीकडून पावलं वाजली. ती मुलगी परत आली होती. त्याला न बघता ती थेट कठड्याशी गेली, फोन दातांत धरला आणि ओणवी झाली. चष्मेवाला मागून धावत येत होता. लांब होता अजून.

हात तुळईवरून सरकू लागला. तिच्याकडं.

बोटं तिच्या मनगटाजवळ पोचली.

आता थ्येनफाची गोची बघ. एक शब्द बोलला नसता, तर पोर सुटलं असतं. स्वतःचं पोर.

मग तो ओरडला. आख्ख्या तळ्यावर ऐकू जाईल असा.

"यूचेंग, हात मागं घे. तिलाही बाप आहे. आज तू तिला ओढलंस, तर घरात तुझ्या नावाची उदबत्ती लागणार नाही. मी मेलो तरी तुझं तोंड बघणार नाही. लाज वाटत नाही? आईनं वर्षभर तुझं ताट वाढलंय, ते काय यासाठी? सुटायचं असेल तर माझ्यापाठोपाठ घरी चल. दुसऱ्याच्या जिवावर नाही. ऐकतोयस ना?"

...

हात तसाच होता. काळं नख, आणि त्याच्याखाली तिचं मनगट.

मग बोटं मिटली. एकेक.

हात पाण्यात गेला, आवाजही झाला नाही. चष्मेवाल्यानं मुलीला मागं खेचलं. तिनं तो हात पाहिला होता. थ्येनफा तडक घरी चालत आला. वाटेत मागं वळून पाहिलं नाही. वळलं की पाठोपाठ येणारे परत जातात म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी लख्ख उन्हात तीच दोघं आमच्या गल्लीत शिरली. मी माझ्या दारात शेंगा सोलत बसलो होतो. थ्येनफानं दार उघडलं, कपाळाला आठ्या.

"आता काय मोजायला आलात?"

"काका, आम्ही खेळ सोडलाय," मुलगी म्हणाली. "पण साइटवर डबीची जागा बदललीय. आज पहाटे. बाण... इथं दाखवतोय."

तिनं फोन पुढं धरला. मग तिची नजर दाराशेजारच्या चपलांच्या मांडणीवर गेली. जोड्यांच्या मध्ये डबी होती. खालून पाण्याचा ओघळ फरशीवर येत होता.

थ्येनफा तिच्याकडं बघत नव्हता. तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघत होता.

"आलास?" तो म्हणाला. "पाय पूस आधी. आईनं आत्ताच फरशी पुसलीय."

आणि दार सताड उघडून तो बाजूला झाला.

डबी अजून तिथंच आहे, पुलावरचे आकडे जुळवलेस तरी तुझा फोनही बाण तिकडंच दाखवेल. जायचं तर दिवसा जा, आणि जेवणाच्या वेळी बेल वाजवू नकोस. त्या वेळी थ्येनफा कुणावर तरी खेकसत असतो.